ऊस तोडणारं जोडपं साखर कारखान्यात मोजायचं की नाही? 'एंटरप्राइज' म्हणजे नेमकं काय, ते बीडवरून समजून घ्या

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टर चढतो, भरलेलं वजन होतं, ऊस रिकामा करून गाडी परत काट्यावर येते, रिकामं वजन होतं आणि एक पावती छापून बाहेर येते. त्या पावतीवर शेतकऱ्याचा कोड असतो, वाहनाचा नंबर असतो, वाहतूक ठेकेदाराचा कोड असतो आणि निव्वळ वजन असतं. रात्री दोनला उठून तो ऊस ज्यांनी तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून ट्रॉलीत भरला, त्या नवरा-बायकोचं नाव त्यावर नसतं.

का नसतं? याचं सोपं उत्तर 'कारखान्याला पर्वा नाही' असं देता येईल, आणि सोशल मीडियावर ते चालूनही जाईल. पण खरं उत्तर थोडं वेगळं आणि जास्त त्रासदायक आहे. कारखान्याच्या हिशेबात ते जोडपं कारखान्याचा भागच नाही. मग ते कोणाचा भाग आहे? शेतकऱ्याचा? ठेकेदाराचा? मुकादमाचा?

इथे एक शब्द येतो, जो एरवी फक्त आयटी कंपन्यांच्या मीटिंगमध्ये ऐकू येतो. एंटरप्राइज.

आयटीवाले 'एंटरप्राइज' कशाला म्हणतात?

मोठ्या संस्थेची कामं, माणसं, माहिती आणि संगणक यंत्रणा एकमेकांशी कशी जोडलेली आहेत याचा नकाशा काढायचा, म्हणजे एंटरप्राइज आर्किटेक्चर. घर बांधण्याआधी प्लॅन काढतात तसंच. आणि प्लॅन काढणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, 'प्लॉटची हद्द कुठपर्यंत आहे?' एंटरप्राइज आर्किटेक्चरमध्येही पहिला प्रश्न तोच. कंपनी म्हणजे एंटरप्राइज का? कंपनीचा एखादा विभाग? की कंपनी, तिचे पुरवठादार, ठेकेदार, डीलर असं सगळं मिळून?

या क्षेत्रात टोगॅफ नावाची पद्धत जगभर वापरतात. द ओपन ग्रुप या संस्थेने ती 1995 मध्ये पहिल्यांदा आणली. टोगॅफचं म्हणणं असं की समान उद्दिष्टं असलेल्या संस्थांचा समूह म्हणजे एंटरप्राइज, आणि तो अनेकदा एकाहून जास्त संस्थांमध्ये पसरलेला असतो. म्हणजे कंपनी कायद्याखाली झालेली नोंदणी ही एंटरप्राइजची हद्द नाही. पुरवठादार आणि भागीदार धरून जो मोठा पसारा होतो, त्यालाही ते एंटरप्राइजच म्हणतात, फक्त 'विस्तारित'.

आपल्या सरकारची व्याख्या याच्या अगदी उलट टोकाला आहे. 1 जुलै 2020 पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. तिथे एंटरप्राइज ओळखला जातो पॅन नंबरवरून, आणि सूक्ष्म-लघु-मध्यम ठरतो यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि उलाढाल यावरून. 1 एप्रिल 2025 पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा अडीच कोटी गुंतवणूक आणि 10 कोटी उलाढाल अशी वाढली. या व्याख्येने पाहिलं तर धारूरचा एखादा मुकादम कागदोपत्री स्वतंत्र एंटरप्राइज होऊ शकतो. त्याच्याकडे यंत्र नाही, शेड नाही. आहेत ती वीस-पंचवीस जोडपी आणि त्यांना दिलेली उचल.

आता एकाच साखरेला या दोन व्याख्या लावून बघा.

बीड ते काटा

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा, केज, परळी, आष्टी, गेवराई या तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टर आणि ट्रकमधून संसार निघतो तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर आणि थेट कर्नाटकातल्या बेळगाव-बागलकोटपर्यंत. किती लोक जातात? वेगवेगळे आकडे सांगितले जातात आणि त्यांच्यात लाखांचा फरक असतो. त्याचंही कारण तेच. ज्यांना कोणी आपल्या यादीत घेत नाही, त्यांची मोजदाद करणार कोण?

पैशाची साखळी अशी चालते. हंगामाआधी कारखाना वाहतूक ठेकेदाराशी करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो, किंवा त्याच्या नावावर बँकेतून ती उभी करून देतो. ठेकेदार त्यातले पैसे मुकादमाला देतो. मुकादम गावात येऊन जोडप्यांना उचल देतो. हंगामभर तोडलेल्या टनांमधून ती उचल फिटते. फिटली नाही तर पुढच्या वर्षावर जाते. कारखान्याचं पंधरवड्याचं बिल ठेकेदाराच्या खात्यात जमा होतं, जोडप्याच्या नाही.

हुकमाची साखळी मात्र वेगळी आहे, आणि माझ्या मते मेख इथेच आहे. कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कधी तोडायचा हे मुकादम ठरवत नाही. ते कारखान्याचा शेती विभाग ठरवतो. लागवडीची नोंद, उसाची जात, पक्वता, उतारा हे सगळं बघून तोडणी कार्यक्रम तयार होतो. गट कार्यालयातला चिटबॉय टोळीला फड दाखवतो. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन घटतं आणि उतारा उतरतो, म्हणून तो लवकरात लवकर गव्हाणीत पडला पाहिजे. काट्यावर गाड्यांची रांग लागली की तोडीचा वेग कमी करा असा निरोप येतो, 'नो केन'ची वेळ आली की रात्रीत गाडी भरायला लावतात. त्या जोडप्याच्या झोपेचं वेळापत्रक कारखान्याच्या गाळप क्षमतेवर चालतं.

उत्तर प्रदेशात हे असं नाही. तिथे शेतकरी स्वतः ऊस तोडतो किंवा गावातले मजूर लावून तोडून घेतो, आणि पर्ची मिळाली की कारखान्याच्या गेटवर किंवा खरेदी केंद्रावर आणून देतो. तिथे कारखान्याची हद्द गेटवर संपते असं म्हणायला जागा आहे. महाराष्ट्रात कारखान्यांनीच ती हद्द फडापर्यंत नेली. टोळ्या आणायच्या कारखान्याने, कार्यक्रम लावायचा कारखान्याने.

मग खर्च कोणाचा? शेतकऱ्याचा. केंद्र सरकार ठरवतं ती एफआरपी गेटवर पोचलेल्या उसाची असते. 2025-26 च्या हंगामासाठी 10.25 टक्के उताऱ्याला ती टनाला 3,550 रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च कापून उरलेलं शेतकऱ्याच्या हातात पडतं. म्हणून कारखाना म्हणतो, आम्ही फक्त शेतकऱ्याच्या वतीने व्यवस्था करतो. शेतकरी म्हणतो, मी तर या टोळीला ओळखतही नाही, उलट गाडी भरून जाताना खुशालीचे पैसे मागतात ते वेगळेच. ठेकेदार म्हणतो, माझं काम गाडीचं. मुकादम म्हणतो, मी पण त्यांच्यातलाच, माझ्याच डोक्यावर उचल आहे. काही कारखान्यांनी तर तोडणी-वाहतुकीसाठी वेगळी संस्थाच काढली आहे, म्हणजे कागदावर आणखी एक भिंत.

चौघंही आपापल्या जागी खरं बोलतात. म्हणूनच हा प्रश्न नुसत्या संतापाने सुटत नाही.

समान उद्दिष्ट? कोणाचं?

टोगॅफची व्याख्या इथे लावली तर पहिल्यांदा वाटतं, झालं काम. कारखाना, ठेकेदार, मुकादम, जोडपं या सगळ्यांचं मिळून एकच काम आहे, ऊस वेळेत गाळायचा. म्हणून हा सगळा एक एंटरप्राइज.

पण थोडं थांबा. जोडप्याचं उद्दिष्ट गाळप आहे का? त्यांना उचल फेडायची आहे, गावाकडे लग्न उरकायचं आहे, विहीर पूर्ण करायची आहे. कारखान्याला उतारा हवा आहे. ठेकेदाराला ट्रॅक्टरचा हप्ता भरायचा आहे. उद्दिष्टं चार आहेत, आणि त्यातली दोन एकमेकांच्या विरोधात जाणारी. समान उद्दिष्ट असलेला समूह ही व्याख्या कॉन्फरन्स रूममध्ये छान वाटते, कारण तिथे उद्दिष्ट लिहिणारा एकच पक्ष हजर असतो.

माझ्या मते हद्द ठरवायला दोन जास्त उपयोगी प्रश्न आहेत. रोजच्या कामाचा हुकूम कुठून येतो? आणि या माणसांनी हात आखडले तर काय बंद पडतं? दोन्हीचं उत्तर एकच येतं. 'कोयता बंद' आंदोलन झालं की शेतकऱ्याचं पाणी चालू राहतं, मुकादमाचं घर चालू राहतं, धुराडं मात्र थांबतं.

एक गंमत बघा. प्रत्येक कारखाना वेगवेगळा म्हणतो की हे आमचे कामगार नाहीत. पण तोडणीचा दर ठरवायला बसतो कोण? कारखान्यांचाच राज्य साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या उपस्थितीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ आणि मुकादमांच्या कमिशनमध्ये 1 टक्का वाढ ठरली. जे आपले नाहीत त्यांच्या मजुरीची बोलणी सगळे मालक एकत्र बसून करतात, असा उद्योग दुसरा शोधून दाखवा.

कायदा काय म्हणतो?

कायद्यातली हद्द बहुतेक वेळा जागेवरून ठरते. फॅक्टरीची व्याख्या 'आवार' या शब्दावर उभी आहे. फड हे कारखान्याचं आवार नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात एक चांगली तरतूद होती. मालकाने आपल्या धंद्याचं नेहमीचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी अपघाताची भरपाई मालकाकडून मागता येईल. पण लगेच पुढे अट, अपघात त्या कामाच्या किंवा मालकाच्या ताब्यातल्या जागेत वा तिच्या आसपास झालेला असावा. मग कोपीकडून फडाकडे जाताना ट्रॉली उलटली तर? वकिलांना काम मिळतं.

सुप्रीम कोर्टाने 1978 मध्ये दोन निकाल दिले जे इथे आठवायला हवेत. बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने 'उद्योग' या शब्दाची व्याख्या खूप रुंद केली. त्याच वर्षी हुसेनभाई विरुद्ध अलथ फॅक्टरी या केरळमधल्या दोरखंड कारखान्याच्या खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की मधे ठेकेदार किती आहेत ते सोडा. ज्याच्या धंद्यासाठी माल तयार होतो आणि ज्याच्या हातात कामगाराच्या पोटाची किल्ली आहे, तोच खरा मालक. पडदा बाजूला करून बघा, असा त्याचा मथितार्थ. नंतरच्या काळात कोर्टांनी ही भूमिका बरीच आखडती घेतली, हेही खरं.

मग हे आत्ता बोलण्याचं कारण काय? 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या कामाच्या ठिकाणची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीच्या संहितेत एक शब्द आहे, 'कोअर अॅक्टिव्हिटी'. ज्या कामासाठी आस्थापना उभी आहे ते काम, आणि त्या कामाला आवश्यक असलेलं काम. अशा कामात ठेकेदारी कामगार लावायला मनाई आहे.

ऊस तोडल्याशिवाय साखर होत नाही. मग ऊसतोड कारखान्याची कोअर अॅक्टिव्हिटी आहे का?

हो म्हणावं तर अपवाद समोर उभा आहे. ज्या आस्थापनेत ते काम सर्वसाधारणपणे ठेकेदाराकडूनच करून घेतलं जातं, तिथे मनाई नाही. म्हणजे चार-पाच दशकं चालत आलेली पद्धतच तिच्या बचावाला येते. शिवाय ठेकेदारी कामगारांच्या तरतुदी लागू व्हायला 50 कामगारांची मर्यादा आहे, पूर्वीच्या केंद्रीय कायद्यात ती 20 होती. वीस कोयत्यांची टोळी म्हणजे 40 माणसं. पण ती मोजायची मुकादमाकडे, ठेकेदाराकडे की कारखान्याकडे? कारखान्याकडे मोजली तर हजारो होतील, मुकादमाकडे मोजली तर कायद्याच्या खाली राहतील. हद्दीची रेघ हलवली की कायदा लागू होतो किंवा गायब होतो.

'कोयता' हा डेटा एंट्रीचा घोळ आहे

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथे व्याख्या शरीरापर्यंत पोचते.

ऊसतोडीत मोजायचं एकक माणूस नाही, कोयता आहे. एक कोयता म्हणजे एक जोडपं. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. करार आणि उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावाने. म्हणजे ज्या यादीत टोळीची नोंद होते, तिथेही बाई स्वतंत्र ओळ म्हणून येत नाही. ती एका ओळीतला अर्धा भाग आहे. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो आणि तो पूर्ण कोयत्याचा पडतो. पाळीच्या दिवसात, बाळंतपणानंतर, आजारपणात बाईने सुट्टी घेतली तर दोघांची मजुरी जाते आणि वर दंड बसतो.

2019 मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की तीन वर्षांत जिल्ह्यात 4,605 गर्भाशयं काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13 हजारांहून जास्त महिलांचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यानंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागेल असा नियम आला.

नियम डॉक्टरांवर आला, आणि तो हवाच होता. पण खाड्याची पद्धत जिथे चालते तिथे तो पोचत नाही, कारण त्या पद्धतीचा मालक कोण हेच ठरलेलं नाही.

एंटरप्राइज आर्किटेक्चरच्या इतिहासातही अशीच एक गंमत सापडते. जॉन झॅकमन यांनी 1987 मध्ये या विषयाचा पाया मानला जाणारा लेख लिहिला. त्यात तीनच रकाने होते: काय, कसं आणि कुठे. 'कोण' हा रकाना 1992 मध्ये जॉन सोवा यांच्यासोबतच्या लेखात आला, 'कधी' आणि 'का' यांच्यासोबत. उसाच्या बाबतीत काय, कसं, कुठे याचं उत्तर आपल्याकडे आज मोबाइल अॅपवर आहे. 'कोण'ची वाट बघणं चालू आहे.

टनावर बोजा, माणसाची नोंद नाही

राज्य सरकारने लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढलं आहे. त्याला पैसे मिळण्याची पद्धत अशी: कारखान्याने गाळलेल्या उसाच्या टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. एखाद्या हंगामात राज्यात 10 कोटी टन गाळप झालं असं धरलं, तर कारखान्यांकडून 100 कोटी. या पद्धतीचा फायदा असा की टनाचा आकडा लपवता येत नाही, साखर आयुक्तालयाकडे तो रोजच्या रोज असतो. पण बोजा टनावर आहे, डोक्यावर नाही. पैसे भरून झाले की त्या टनामागे किती माणसं होती हे सांगायची गरज कारखान्याला उरत नाही.

ओळखपत्रं देण्याचं काम मग आलं ग्रामसेवकाकडे, म्हणजे माणूस जिथून निघतो तिथल्या सरकारकडे. तो जिथे काम करतो, तिथल्या यंत्रणेकडे नाही. मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना 2021 मध्ये मंजूर झाली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं. तीही गावाकडच्या बाजूला. योजना वाईट नाहीत. मूल गावात राहून शिकणं चांगलंच. पण यामागचं गृहीत बघा: कामगार हा बीडचा 'सामाजिक न्याया'चा प्रश्न आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या उद्योगाचा मनुष्यबळाचा प्रश्न नाही.

सरकार स्वतःही एक एंटरप्राइज आहे का, हा आणखी वेगळा विषय. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने 2018 मध्ये 'इंडिया' नाही, 'इंडईए' नावाचा आराखडा आणला. त्यातली कल्पना अशी की नागरिकाला सगळी खाती मिळून एकच सरकार दिसलं पाहिजे. ऊसतोड जोडप्याला काय दिसतं? महामंडळ सामाजिक न्याय खात्याकडे, कारखाने सहकार खाते आणि साखर आयुक्तांकडे, मजुरी-अपघात कामगार खात्याकडे, बाईची तपासणी आरोग्य खात्याकडे, मुलाची शाळा शिक्षण खात्याकडे. प्रत्येकाची यादी वेगळी.

महाराष्ट्राला यातून मार्ग काढता येत नाही असं मात्र नाही. 1969 चा माथाडी कायदा याच राज्याने केला. बाजारात हमालाचा मालक कोण हे रोज बदलतं, म्हणून त्या कायद्याने मालक शोधत बसणं सोडलं. मंडळ काढलं, हमालांची आणि मालकांची दोघांचीही नोंदणी केली, मजुरी मंडळामार्फत आणि वर लेव्ही. एकाच दगडात भविष्य निर्वाह निधी, सुट्टी, औषधोपचार. ऊसतोडीला असंच मंडळ द्या ही संघटनांची मागणी जुनी आहे.

हद्द अटलांटाला पोचली

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्टने महाराष्ट्रातल्या ऊसतोडीवर मोठी शोधबातमी केली. उचल, बालविवाह, गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया, सगळं त्यात होतं. बीडच्या वाचकाला त्यात नवं फार काही नव्हतं. नवं होतं ते हे की प्रश्न विचारले गेले कोका-कोला आणि पेप्सिकोला, कारण त्यांच्या पेयांतली साखर या राज्यातल्या कारखान्यांतून येते. अटलांटातल्या कंपनीला जर तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या जोडप्याबद्दल जाब विचारता येतो, तर पहिल्या पायरीवरचा कारखाना 'आमचा संबंध नाही' असं किती दिवस म्हणणार? जर्मनीने तर 1 जानेवारी 2023 पासून मोठ्या कंपन्यांना पुरवठा साखळीतल्या मानवी हक्कांची जबाबदारी कायद्यानेच लावली आहे.

इकडे राज्यात हार्वेस्टर वाढत आहेत, त्यांना सरकारी अनुदानही मिळतं. हार्वेस्टरला नोंदणी क्रमांक असतो, विमा असतो, मालकाचं नाव असतं आणि कारखान्याच्या सिस्टीममध्ये स्वतःचा कोड असतो. ऊस किती तोडला हे त्याच्या नावावर चढतं.

कोयत्याला असा कोड द्यायला संगणकात एक रकाना वाढवावा लागेल, नवरा आणि बायको अशा दोन स्वतंत्र ओळींसह. तांत्रिकदृष्ट्या ते एका दुपारचं काम आहे. पण तो रकाना भरला की पावतीवर नाव येईल, आणि पावतीवर नाव आलं की पीएफ, अपघात भरपाई, बाळंतपणाची रजा यांची मागणी करायला पुरावा तयार होईल. म्हणून पुढचा दर करार होईल तेव्हा टक्केवारीच्या आकड्याबरोबर हेही बघा, की काट्याच्या पावतीवर कोणाकोणाचं नाव छापायचं याबद्दल त्यात काही लिहिलं आहे का.